सुटी स्केचेस एकत्र करून लेसर कटिंगसाठी फाइल काढणे: फ्रीकॅडमध्ये घराच्या पाटीचं उदाहरण

कोकणात पत्रा कापून घ्यायचा तर बहुतेक वेळा फाइल पुढे जाते आणि माणूस घरीच राहतो. रेखाटन होतं वेंगुर्ल्यात, गुहागरात किंवा दापोलीत, आणि पत्रा कापला जातो दूरच्या एखाद्या एमआयडीसीत, नाहीतर घाट ओलांडून कोल्हापूरकडे. मशीनवर बसलेल्या माणसाला तुमच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नसतो. फाइलमध्ये रेघ दोनदा असेल तर मशीन दोनदा कापतं, भोकाची गोलाई अर्धवट असेल तर भोक अर्धवट राहतं. त्यामुळे हातातून जाणारी फाइल स्वच्छ, बंद रेघांची आणि मिलिमीटरमध्येच हवी. ती तशी कशी करायची, हे इथे एका खऱ्या वस्तूवर दाखवलं आहे.

वस्तू म्हणजे घराच्या नावाची पाटी. मजकूर ‘माडवन’, आकार ४५० × १८० मिमी, जाडी ३ मिमी, कोपऱ्यांना १० मिमीची गोलाई, भिंतीला लावायला चार भोकं, नावाखाली लाटांच्या तीन फटी. अक्षरं आरपार कापलेली.

सॉफ्टवेअर फ्रीकॅड, म्हणजे संगणकावर नेमक्या मापात रेखाटन करायचा प्रोग्रॅम. ते मोफत आणि मुक्त आहे, आणि एकदा बसवलं की इंटरनेटशिवाय चालतं. पावसाळ्यात रेंज जाणाऱ्या गावांत हा मोठा फायदा आहे. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली; खालची वर्णनं तिला धरून आहेत. अक्षरांसाठी इंकस्केप आणि शेवटच्या तपासणीसाठी लिब्रेकॅड लागेल. दोन्ही मोफत आहेत.

सुरुवातीची मांडणी

एडिट → प्रेफरन्सेस → जनरल इथे एकक मिलिमीटर असल्याची खात्री करा. तिथेच डॉक्युमेंटच्या पानावर ऑटो-रिकव्हरीची वेळ १५ मिनिटांची असते, ती ५ वर आणा. वीज जाते तेव्हा पंधरा मिनिटांचं काम परत करणं फार जड जातं. नवीन फाइल उघडली की लगेच नाव देऊन सेव्ह करा. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवा. मशीनच्या जुन्या संगणकावर देवनागरी नावांच्या फाइली कधी कधी उघडतच नाहीत.

फक्त सपाट काम करायचं असेल तर पार्ट डिझाइनची ‘बॉडी’ बनवायची गरज नाही. सरळ स्केचर वर्कबेंचवर, म्हणजे फ्रीकॅडच्या सपाट रेखाटनाच्या विभागात, जा, नवीन स्केच घ्या आणि पातळी विचारल्यावर एक्स-वाय निवडा. प्रत्येक स्केच याच पातळीवर हवं. एक्स-झेडवर काढलेलं स्केच स्क्रीनवर छान दिसतं, पण फाइल काढल्यावर वरून पाहिलं की सगळा आकार एका रेघेत गोळा झालेला असतो. नवशिक्यांची पहिली फाइल बहुधा इथेच बिघडते.

एकाच स्केचमध्ये सगळं का काढू नये?

काढता येतं. पण पाटीची बाहेरची कड, भोकं आणि नक्षी एकाच स्केचमध्ये भरली की बंधनांची, म्हणजे कन्स्ट्रेंटची, गर्दी होते. एक माप बदललं की दुसरीकडचं काही तुटतं आणि कुठे तुटलं ते सापडत नाही. शिवाय तीच भोकं उद्या दुसऱ्या पाटीला लागतात. म्हणून प्रत्येक कामाचं स्केच वेगळं ठेवा आणि शेवटी एकत्र करा. यासाठी एक शिस्त लागते: सगळी मापं मूळबिंदूपासून, म्हणजे जिथे दोन अक्ष मिळतात तिथून द्या. भोकांच्या स्केचमध्ये बाहेरच्या कडेला ‘एक्स्टर्नल जिऑमेट्री’ म्हणून ओढून तिच्यापासून अंतर देण्याचा मोह होतो. तो टाळा. स्केचेस एकत्र करताना स्केचची स्वतःची रेखाटनं जातात, बाहेरून ओढलेले संदर्भ मागेच राहतात, आणि त्यांच्यावर टांगलेली मापं लोंबकळतात.

पहिलं स्केच: बाहेरची कड

गोल कोपऱ्यांचा आयत काढा. लांबी आडव्या रेघेवर देऊ नका. कोपऱ्याच्या गोलाईने ती रेघ दोन्ही टोकांना आखूड झालेली असते, त्यामुळे तिला ४५० दिलं तर पाटी ४७० ची होते. डाव्या आणि उजव्या कडेमधलं अंतर ४५० द्या, वरच्या आणि खालच्या कडेमधलं १८०. एका कोपऱ्याला त्रिज्या १० द्या, बाकीचे तीन कोपरे त्याला ‘इक्वल’ करा. पाटी मधोमध येण्यासाठी डाव्या-उजव्या कडांची वरची टोकं उभ्या अक्षाभोवती सममित करा, मग उजव्या कडेचं वरचं आणि खालचं टोक आडव्या अक्षाभोवती.

सगळं नीट जमलं की स्केच हिरवं होतं. हिरवं होणं म्हणजे एकही रेघ हलायला मोकळी उरलेली नाही. हिरवं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आज जागेवर दिसणारी मोकळी रेघ उद्या चुकून माउसला लागून अर्धा मिलिमीटर सरकते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं स्केच: भोकं

दोन अक्षांनी पाडलेल्या चार भागांत एकेक वर्तुळ काढा. पहिल्याला व्यास ६.५ मिमी द्या, म्हणजे ६ मिमीचा स्क्रू मोकळा जाईल. मध्याचं अंतर उभ्या अक्षापासून २०५ आणि आडव्या अक्षापासून ७०, म्हणजे प्रत्येक भोक दोन्ही कडांपासून २० मिमी आत. बाकी तिघांना पहिल्याशी इक्वल करा. मग वर-डावा मध्य वर-उजव्याशी उभ्या अक्षाभोवती, खाली-उजवा वर-उजव्याशी आडव्या अक्षाभोवती, आणि खाली-डावा वर-डाव्याशी आडव्या अक्षाभोवती सममित करा. चार वर्तुळांना मिळून बारा मोकळीका असतात. तीन ‘इक्वल’नी जातात, एक व्यासाने, दोन अंतरांनी आणि सहा सममितीने. हिशेब शून्यावर येतो.

भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान ठेवू नका. भोकाची कड आणि पत्र्याची कड यांत निदान जाडीच्या दुप्पट अंतर राहू द्या, नाहीतर उष्णतेने तिथला पत्रा वाकतो.

तिसरं स्केच: लाटा

लाटांसाठी ‘आर्क स्लॉट’ वापरा. दोन समांतर कमानी आणि टोकांना अर्धवर्तुळं असा बंद आकार एकदम मिळतो. रुंदी ६ मिमी ठेवा. एक फट पूर्ण बांधून घ्या, बाकी दोन तिच्याशी इक्वल करा आणि तिन्ही मिळून रुंदी ३०० मिमीच्या आत राहील अशा बेताने शेजारी मांडा. दोन फटींच्या टोकांमध्ये १० मिमी तरी पत्रा शिल्लक हवा.

बी-स्प्लाइनने, म्हणजे काही बिंदूंवरून वळवता येणाऱ्या मोकळ्या वक्राने, हाताने लाट काढता येते आणि ती सुंदरही दिसते. तरीही कमानीच वापरा. कमान फाइलमध्ये कमान म्हणूनच जाते आणि प्रत्येक मशीनला वाचता येते. स्प्लाइनचं तसं नाही. तो मुद्दा फाइल काढताना पुन्हा येईल.

मदतीच्या रेघा, म्हणजे मध्यरेषा वगैरे, ‘कन्स्ट्रक्शन’ प्रकारात टाका. त्या कापायच्या आकारात धरल्या जात नाहीत. विसरून साधीच ठेवलेली मध्यरेषा पाटीचे सरळ दोन तुकडे करते.

नाव: देवनागरीचा खरा प्रश्न

फ्रीकॅडच्या ड्राफ्ट वर्कबेंचमध्ये ‘शेपस्ट्रिंग’ नावाचं साधन अक्षरांच्या कडा काढून देतं. इंग्रजीसाठी ते चांगलं आहे. देवनागरीला मात्र ते पुरत नाही, कारण ते एकेक अक्षरचिन्ह ओळीने मांडत जातं. वेलांटी चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो. ‘माडवन’ कदाचित निभावेल. ‘श्रीकृपा’ किंवा ‘सिंधुदर्शन’ निभावणार नाही. म्हणून अक्षरं इंकस्केपमध्ये करा.

इंकस्केपमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिलिमीटर, पान ४५० × १८० आणि स्केल १ ठेवा. पानाचा आकार पाटीएवढाच ठेवायचा म्हणजे अक्षरं जिथे दिसतात तिथेच पाटीवर येतील. फॉन्ट जाड वजनाचा घ्या. मुक्त परवान्याचे मुक्ता, बलू किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी कुठलाही चालेल. सगळ्यात बारीक जागीसुद्धा अक्षराची रेघ पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद नको. म्हणजे इथे ३ मिमीच्या खाली नाही, आणि लांबून वाचता यावं म्हणून ६ ते ८ मिमी ठेवलेली बरी.

पुढचा क्रम पाळायला हवा. मजकूर निवडा, पाथ → ऑब्जेक्ट टू पाथ. यानंतर मजकूर बदलता येत नाही, म्हणून आधी एक प्रत ठेवा. आता एक एक अक्षर वेगळा आकार आहे, आणि शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या आहेत. हे असंच कापायला दिलं तर प्रत्येक जोडावर शिरोरेघेला आडवे काप पडतात. अनग्रुप करा, सगळी अक्षरं निवडा आणि पाथ → युनियन. शिरोरेघ सलग होऊन शब्दाची एकच बाह्यरेषा उरते.

आता बेटं. आरपार कापलेल्या अक्षरात चारी बाजूंनी वेढलेला भाग गळून पडतो. इंग्रजीत ओ, ए, डी अशी मोजकी अक्षरं त्रास देतात. आपल्याकडे शिरोरेघ वरून झाकण घालते, त्यामुळे म, प, ष यांच्या पोटातला भाग चारी बाजूंनी बंद होतो. व, ब यांचा गोल तर मुळातच बंद. ‘माडवन’मध्ये ‘म’चं पोट आणि ‘व’चा गोल सुटेल. काही फॉन्टमध्ये ‘म’ आणि ‘न’च्या गाठीलाही बारीक छिद्र असतं, एवढं लहान बेट धरून ठेवण्यात अर्थ नाही, ते छिद्र आधीच पुसून टाका.

बेट धरून ठेवायला पूल ठेवावा लागतो. ३ मिमी रुंद आयत काढा आणि तो अक्षराच्या रेघेवर आडवा असा ठेवा की एक टोक बेटात आणि दुसरं बाहेरच्या पत्र्यात जाईल. ‘म’साठी शिरोरेघ ओलांडणारा उभा पूल, ‘व’साठी गोलाच्या डाव्या बाजूने आडवा. शब्द आणि आयत दोन्ही निवडून पाथ → डिफरन्स. आयत वर असायला हवा, कारण खालच्यातून वरचा वजा होतो. मोठ्या बेटाला एकाऐवजी दोन पूल द्या, नाहीतर हात लागला की ते आत-बाहेर वाकतं. पूल सगळ्या अक्षरांत एकाच रुंदीचे आणि शक्यतो एकाच दिशेचे असले तर ते मुद्दाम केल्यासारखे शोभून दिसतात.

शेवटी एक्स्टेन्शन्स → मॉडिफाय पाथ → फ्लॅटन बेझियर. हे वक्रांचे छोटे सरळ तुकडे करतं. फ्लॅटनेस ०.१ च्या आसपास ठेवा. गोलाई कोनाकोनाची दिसली तर आकडा कमी करा. ही पायरी वगळली तर पुढे फसगत होते: अक्षरांचे बेझियर वक्र डीएक्सएफ, म्हणजे मशीनला द्यायची फाइल, काढताना गळू शकतात, आणि फाइल तयार झाली तरी गोलाईच्या जागी रिकामी फट राहते. ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून सेव्ह करा.

फ्रीकॅडमध्ये फाइल → इम्पोर्ट करून ‘एसव्हीजी ॲज जिऑमेट्री’ निवडा. पानाचा वरचा डावा कोपरा मूळबिंदूवर येतो आणि अक्षरं खाली, ऋण बाजूला दिसतात. आपली पाटी मूळबिंदूभोवती मधोमध आहे, तेव्हा ड्राफ्टच्या ‘मूव्ह’ने अक्षरं एक्स दिशेत −२२५ आणि वाय दिशेत +९० सरकवली की जागेवर येतात. लगेच मेजर साधनाने शब्दाची रुंदी मोजा आणि इंकस्केपमधल्या आकड्याशी ताडून बघा. इंकस्केपच्या ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्या इंचाला ९० ठिपके धरत, नंतरच्या ९६ धरतात. जुन्या फाइलमधून उचललेली नक्षी साधारण सहा-सात टक्क्यांनी लहानमोठी आली तर कारण बहुधा हेच.

अक्षरांचं ‘ड्राफ्ट टू स्केच’ करून स्केच बनवायचा प्रयत्न करू नका. शेकडो बारीक तुकड्यांच्या स्केचवर सॉल्व्हर, म्हणजे बंधनांचा हिशेब जुळवणारा फ्रीकॅडचा भाग, दमतो आणि प्रत्येक क्लिकला वाट पाहावी लागते. अक्षरं आकार म्हणूनच राहू द्या. फाइल काढताना ती स्केचबरोबर निवडता येतात.

स्केचेस एकत्र करणे

सगळी स्केचेस बंद करा, म्हणजे एडिटमधून बाहेर या. डावीकडच्या ट्रीमध्ये, म्हणजे फाइलमधल्या वस्तूंच्या यादीत, आधी बाहेरच्या कडेचं स्केच निवडा, मग कंट्रोल दाबून भोकं आणि लाटा. स्केच मेन्यूतून ‘मर्ज स्केचेस’. ट्रीमध्ये एक नवं स्केच येतं. एफ२ दाबून त्याला ओळखू येईल असं नाव द्या. मूळ तिन्ही स्केचेस जशीच्या तशी राहतात.

निवडीचा क्रम का महत्त्वाचा? नव्या स्केचला पहिल्या निवडलेल्या स्केचची जागा, म्हणजे ‘प्लेसमेंट’, मिळते. बाकीच्या स्केचेसमधल्या रेघा त्यांच्या आतल्या मापांनुसार येऊन बसतात आणि त्यांची स्वतःची प्लेसमेंट विचारात घेतली जात नाही. समजा लाटांचं स्केच तुम्ही आत मापं न बदलता प्लेसमेंटमधून ४० मिमी खाली सरकवलं होतं. स्क्रीनवर ते बरोबर दिसत होतं. मर्ज केल्यावर लाटा अक्षरांवर चढतात. तेव्हा स्केच सरकवायचं तर आतली मापं बदलून सरकवा आणि प्रत्येकाची प्लेसमेंट शून्य ठेवा.

मर्ज म्हणजे फक्त एका ठिकाणी आणणं. त्यात छाटणी होत नाही. एखादी फट पाटीच्या कडेबाहेर गेली असेल तर कड आणि फट एकमेकींना छेदत तशाच राहतात आणि मशीन दोन्ही कापतं. ‘ट्रिम एज’ने नव्या स्केचमध्ये छाटता येतं, पण मूळ स्केच दुरुस्त करून पुन्हा मर्ज करणं जास्त चांगलं. मर्ज केलेल्या स्केचचा मूळ स्केचशी धागा उरत नाही. मूळ बदललं तरी ते बदलत नाही. म्हणून नियम असा ठेवा: दुरुस्ती मूळ स्केचमध्ये, जुनं मर्ज पुसायचं, नवं बनवायचं. दोन मर्ज शेजारी ठेवले की घाईत जुनंच पाठवलं जातं.

मूळ माप बदललं की एकत्र स्केचही बदलावं असं हवं असेल तर ‘कार्बन कॉपी’ आहे. नवं स्केच एडिटमध्ये उघडून त्यातून मूळ स्केचवर क्लिक करायचं. रेघा आणि बंधनं येतात आणि मापांचे आकडे मूळ स्केचला जोडलेले राहतात. मूळ स्केचमध्ये नवी रेघ वाढवली तर मात्र ती आपोआप येत नाही. एकाच पाटीचे चार-पाच आकार काढायचे असतील तर ही पद्धत उपयोगी. एकदाच कापायच्या कामाला मर्ज पुरे.

बंद आहे का, दुहेरी आहे का?

नवं स्केच निवडून स्केच → व्हॅलिडेट स्केच उघडा. ‘मिसिंग कोइन्सिडन्सेस’ शोधायला सांगा. दोन रेघांची टोकं जवळ आहेत पण जोडलेली नाहीत, अशा जागा ते दाखवतं आणि ‘फिक्स’ने जोडतं. उघडी टोकं ठळक करून दाखवण्याचं बटण तिथेच आहे. ते दाबल्यावर एकही खूण दिसता कामा नये.

दुसरी पक्की परीक्षा: पार्ट वर्कबेंचमध्ये ‘एक्स्ट्रूड’ घेऊन ३ मिमी जाडी द्या आणि ‘क्रिएट सॉलिड’वर खूण करा. भोकं आणि फटी असलेला घन पत्रा दिसला तर सगळे आकार बंद आहेत. घन बनलाच नाही तर कुठेतरी गळती आहे. परीक्षा झाली की तो घन पुसा, नाहीतर चुकून तोच निवडला जाईल.

दुहेरी रेघा या दोन्ही परीक्षांतून नेहमीच पकडल्या जातात असं नाही. दोन स्केचेसमध्ये तीच कड काढलेली असली की मर्जमध्ये ती एकावर एक बसते आणि डोळ्यांना एकच दिसते. लेसर मात्र त्या वाटेने दोनदा जातो. कड जळते, काळवंडते, आणि पैसे कापाच्या लांबीवर लागत असल्याने खर्चही वाढतो. संशयास्पद रेघेभोवती छोटी खिडकी ओढून ती निवडा आणि एलिमेंट्सच्या यादीत किती नावं उजळतात ते बघा. दोन उजळली तर एक पुसा.

मर्जनंतर काही बंधनं लाल झाली तर सॉल्व्हरच्या संदेशावर क्लिक करा. भांडणारी बंधनं निवडली जातात. शेवटच्या फाइलसाठी त्यातलं जादा बंधन पुसून टाकलं तरी चालतं, कारण फाइलमध्ये रेघा जातात, बंधनं जात नाहीत.

डीएक्सएफ काढणे

डीएक्सएफ हा प्रकार ऑटोकॅडबरोबर १९८२ मध्ये आला आणि आजही जवळजवळ प्रत्येक कटिंग मशीन तो वाचतं. आधी एकदा ड्राफ्ट वर्कबेंच उघडा, म्हणजे प्रेफरन्सेसमध्ये इम्पोर्ट-एक्सपोर्टखाली डीएक्सएफचं पान दिसेल. तिथे ‘ट्रीट एलिप्सेस अँड स्प्लाइन्स ॲज पॉलीलाइन्स’वर खूण करा. जुन्या आर१२ प्रकारात स्प्लाइन ही गोष्टच नव्हती, आणि बरीच मशीनं अजून तोच प्रकार समजतात. न समजलेली रेघ ती मुकाट्याने गाळतात. शेजारी तुकड्याची कमाल लांबी असते, ती ०.५ मिमी करा. त्याहून मोठी ठेवली तर गोलाई चौकोनी दिसते, फारच लहान केली तर फाइल जड होऊन मशीन वळणावर अडखळतं. वर्तुळं आणि कमानींना याचा काही परिणाम नाही.

आता ट्रीमध्ये मर्ज केलेलं स्केच आणि अक्षरं, एवढंच निवडा. फाइल → एक्सपोर्ट, किंवा कंट्रोल + ई. प्रकार ‘ऑटोडेस्क डीएक्सएफ २डी’. जे निवडलं तेच जातं. स्क्रीनवर दिसतंय पण निवडलं नाही, ते फाइलमध्ये येणार नाही.

घर नंबरासारखी एखादी गोष्ट आरपार न कापता वरवर कोरायची असेल तर तिची वेगळी फाइल काढा, त्याच मूळबिंदूवर, आणि नावातच लिहा की ही कोरायची. एकाच फाइलमध्ये रंगांनी किंवा थरांनी वेगळं करता येतं, पण रंगाचा अर्थ प्रत्येक दुकानात निराळा असतो.

पाटी ॲक्रिलिक किंवा प्लायवर कापायची असेल तर ते दुकानदार अनेकदा एसव्हीजी मागतात. त्यासाठी एक्सपोर्टमध्ये ‘फ्लॅटन्ड एसव्हीजी’ आहे. इंकस्केपमध्ये उघडून रुंदी ४५० मिमी आहे का ते बघितलं की झालं. टेकड्रॉ, म्हणजे फ्रीकॅडचा मापांसह नकाशा बनवणारा विभाग, त्याच्या पानावरून कापायची फाइल काढू नका. पानाचं स्केल १:२ असेल तर आकारही अर्धा जातो. टेकड्रॉ माणसाला वाचायच्या पीडीएफसाठी ठेवा.

पाठवण्याआधी

तयार डीएक्सएफ लिब्रेकॅडमध्ये उघडा. ज्या प्रोग्रॅममध्ये बनवली त्यातच तपासली तर त्याच समजुती पुन्हा लागू होतात, म्हणून दुसरा प्रोग्रॅम. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत अंतर मोजा: ४५० हवं. ४५० च्या जागी ११४३० किंवा १७.७ सारखा आकडा आला तर कुठेतरी इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत आहे. गुणक नेहमी २५.४ असतो. मग आकार मोजा: एक बाहेरची कड, चार भोकं, तीन फटी आणि अक्षरांचे तुकडे. पुलांच्या जागी रेघ खरंच तुटली आहे का ते मोठं करून बघा.

लेसरच्या कापाला स्वतःची रुंदी असते, पातळ पत्र्यात साधारण ०.१ ते ०.३ मिमी. तिची भरपाई मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. तुम्ही आकार खऱ्या मापातच ठेवा, स्वतःहून वाढवू नका. दोघांनी भरपाई केली की भोक चुकतं.

फाइलबरोबर मापं असलेली पीडीएफ आणि चार ओळी पाठवा: एकक मिमी, बाहेरचं माप ४५० × १८०, धातू आणि त्याची ग्रेड, जाडी, नग, कुठली बाजू दर्शनी. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉटवरून कोणी पत्रा कापू शकत नाही.

धातूची ग्रेड लिहिणं इथे विशेष गरजेचं, कारण ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) एवढंच लिहिलं तर बहुधा ३०४ मिळतं. समुद्रापासून जवळ, खारा वारा थेट लागतो अशा घराला ३१६ मागा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे ते जास्त टिकतं. ३०४ वर लवकरच चहासारखे तपकिरी डाग येतात. साधं एमएस (माइल्ड स्टील) घेऊन पावडर कोटिंग करायचं असेल तर कापलेल्या कडांकडे लक्ष द्या. ऑक्सिजनवर कापलेल्या कडेला ऑक्साइडचा थर राहतो, त्यावर रंग धरत नाही आणि पहिल्या पावसाळ्यातच कडेने गंज सुटतो. तो थर घासून काढायला आधीच सांगा. स्टेनलेस नायट्रोजनवर कापायला सांगितलं की कड चकचकीत येते.

३ मिमीची ही पाटी कापण्याआधी सुमारे १.९ किलो भरते. जांभ्याच्या भिंतीत भोक पाडायचं तर चिऱ्याच्या मध्यावर पाडा, सांध्याजवळ नको. जांभा सच्छिद्र आणि मऊ असतो, लहान प्लग त्यात फिरत राहतो, म्हणून लांब घ्या. स्क्रू पाटीच्याच ग्रेडचे स्टेनलेस वापरा. भिंत आणि पाटी यांत १० ते १२ मिमीचे स्पेसर घाला, म्हणजे पावसाचं पाणी मागून निथळतं आणि अक्षरांची सावलीही उठून दिसते. स्पेसरचं भोक ६.५ मिमीच्या स्क्रूभोकाशी जुळतं की नाही, हे फाइल पाठवण्याच्या आधी बघून घ्या.